‘एच’ पेटला की हिट : बेसबॉलच्या धावफलकामागची गोष्ट

२८ सप्टेंबर २०११ची रात्र. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्डवर टॅम्पा बे रेज आणि न्यूयॉर्क यांकीज यांची नऊ इनिंगची मॅच बरोबरीमुळे लांबून बाराव्या इनिंगमध्ये पोचली होती. साखळीचा शेवटचा दिवस. रेज आणि बॉस्टन रेड सॉक्स बरोबरीत, पुढे जायला जागा एकच. बॉस्टनची मॅच तिकडे बाल्टिमोरला, हजार किलोमीटरहून लांब. रेजचा इव्हान लोंगोरिया बॅटिंगला आला होता. मैदानात काहीही घडलेलं नसताना स्टेडियम एकदम उसळलं, कारण फलकावर बाल्टिमोरचा निकाल लागला होता : ४-३, बॉस्टन हरलं. काही मिनिटांतच लोंगोरियाने चेंडू डाव्या कुंपणापलीकडे घातला आणि रेज ८-७ने जिंकून आत गेले. आठव्या इनिंगला हीच टीम ०-७ने मागे होती.

लोंगोरियाचा फटका सगळ्यांच्या लक्षात आहे. मला त्याआधीची ती आरोळी जास्त आवडते. तिकीट काढून समोरची मॅच बघायला आलेली माणसं दुसऱ्या गावच्या दोन आकड्यांसाठी ओरडली.

बेसबॉलच्या प्रेक्षकांना फलकावर नेमकं काय हवं असतं, हा वाद कुठल्याही स्टेडियममध्ये नवा स्क्रीन बसला की हटकून निघतो. दोन्ही टीमची बॅटिंग ऑर्डर सतत दिसायला हवी. पिचरने किती चेंडू टाकले ते हवं. आत्ताचा तो हिट होता की एरर, म्हणजे बॅटरचं कसब की क्षेत्ररक्षकाची चूक, ते लगेच कळायला हवं. बाकीच्या मॅचचे स्कोअर हवेत. आणि जाहिराती, नाचणारी अक्षरं, ‘आवाज वाढवा’चे हुकूम जरा कमी करा. वानखेडेवर बसून ‘अरे, आउट कसा झाला?’ असं शेजाऱ्याला विचारणाऱ्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. घरी टीव्हीसमोर लोळणाऱ्याला फुकटात जे कळतं, ते पैसे मोजून उन्हात बसलेल्याला कळत नाही. या मागण्यांतल्या बऱ्याचशा शंभर वर्षं जुन्या आहेत, आणि अनेकींच्या मागे एक गंमत सापडते : माहिती कुणाकडे तरी होती, पण ती दाखवण्यात त्याचा तोटा होता.

बेसबॉलला आकड्यांचं वेड लावणारा माणूस मूळचा क्रिकेटचा. हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बेसबॉलकडे वळल्यावर त्याने क्रिकेटच्या स्कोअरशीटच्या धर्तीवर बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, रुजवला. ‘स्ट्राइकआउट’साठी आजही लिहितात तो ‘के’ त्याचाच. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. मैदानावरच्या माणसाला त्याच क्षणी काय कळणार?

फार काही नाही. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांची झुंज ‘काउंट’वर चालते : चार बॉल (बॅटरच्या टप्प्याबाहेरचे चेंडू) झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर), तीन स्ट्राइक (टप्प्यातले किंवा हुकलेले चेंडू) झाले की बाद. काउंट ३-० (आधी बॉल, मग स्ट्राइक) असेल तर पिचर अडचणीत, ०-२ असेल तर बॅटर. खेळाची सगळी धाकधूक या दोन आकड्यांत. त्यात नियमही बदलत होते. १८७९ साली बॅटरला फुकट बेस मिळायला नऊ बॉल लागायचे. तो आकडा उतरत उतरत १८८९ साली चारवर थांबला. पंच तोंडाने निकाल सांगायचा, आणि लांबच्या फळीवर बसलेल्याला त्यातलं काय ऐकू येणार! पंचांचे हातवारे कुणी सुरू केले यावर दोन गट आहेत. एक गट श्रेय देतो विल्यम हॉय या कर्णबधिर खेळाडूला. त्याला निकाल कळावा म्हणून खुणा आल्या, असं म्हणतात. दुसरा गट पंच बिल क्लेमचं नाव घेतो. हॉयची गोष्ट लोकांना जास्त भावते. इतिहासकारांना ती तितकीशी पटत नाही.

खेळाडू कोण, हे कळणंही सोपं नव्हतं. पाठीवर नंबर नसायचे. हॅरी स्टीव्हन्स नावाचा इंग्लंडहून आलेला फेरीवाला १८८०च्या दशकात ओहायोतल्या कोलंबसला स्कोअरकार्ड विकू लागला आणि त्यातून मोठा व्यापारी झाला. कार्डाशिवाय खेळाडू ओळखता येणार नाहीत, ही आरोळी त्याच धंद्यातली. क्लीव्हलंडने १९१६ साली बाहीवर नंबर लावून पाहिले, पण टिकले नाहीत. पाठीवर नंबर दिला तर कार्डाचा खप घटेल, ही धास्ती मालकांना होतीच. अखेर १९२९ साली यांकीजनी पाठीवर कायमचे नंबर टाकले, तेही बॅटिंगच्या क्रमाने : बेब रूथ तिसरा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. त्यानंतर फलकावर बॅटरचा नंबर लावण्याला अर्थ आला.

मैदानाबाहेरची भूक तर याहून मोठी. रेडिओ यायच्या आधी, १९१०च्या दशकात, वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर ‘प्लेओग्राफ’ नावाचे प्रचंड फळे लागायचे. त्यावर मैदानाचं चित्र. तारेवरून खबर आली की फळ्यावरचा चेंडू सरकवायचा, दिवे लावायचे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये हजारो माणसं टोप्या घालून तासन्‌तास त्या फळ्यावरच्या चेंडूकडे बघत उभी राहायची. रेडिओच्या दुकानापुढे कॉमेंट्रीला घोळका करून उभं राहिलेली आपल्याकडची पिढी त्यांना नक्की ओळखेल.

मैदानातल्या जुन्या फळ्यांपैकी दोन अजून हाताने चालतात आणि दोन्ही बघण्यासारखे आहेत. बॉस्टनच्या फेनवे पार्कच्या डाव्या बाजूला ३७ फुटांची हिरवी भिंत आहे, तिच्या पायथ्याशी १९३४ सालचा फळा. आत एक अरुंद खोली, भिंतीला फटी, फटींतून बघत माणसं बसलेली. धाव झाली की सोळा इंच चौरस, दीडेक किलोची पत्र्याची पाटी उचलून खाचेत सरकवायची. बॉलसाठी हिरवा दिवा, स्ट्राइक आणि आउटसाठी लाल. फळ्यावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत ठिपके आणि रेघा दिसतात, तो मोर्स कोड आहे : जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं. २००५ साली मॅनी रामिरेझ हा रेड सॉक्सचा खेळाडू, मैदानात इतरांची पिचरशी चर्चा चालू असताना, फळ्याच्या दारातून आत शिरला आणि पुढचा चेंडू पडायची वेळ आली तेव्हा धावत बाहेर आला. इतकं घरगुती प्रकरण आहे ते. पण १९७०च्या दशकाच्या मध्यात भिंतीची डागडुजी झाली तेव्हा नॅशनल लीग या दुसऱ्या लीगच्या मॅचचे स्कोअर तिथून काढून टाकले गेले. ते परत आले २००३ साली. आपल्या टीमच्या लीगपुरतं कळलं की पुरे, असं प्रेक्षकांना न विचारताच ठरलं होतं.

दुसरा फळा शिकागोच्या रिग्ली फील्डचा. १९३७ साली तो उभा करून घेतला बिल व्हेक या तेव्हाच्या तरुण कर्मचाऱ्याने; कुंपणावरच्या प्रसिद्ध वेलीही त्याने त्याच वर्षी लावल्या. मॅच संपली की फळ्यावर झेंडा चढतो, कब्ज या घरच्या टीमने जिंकली तर पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’, हरली तर निळ्यावर पांढरा ‘एल’. शेजारून जाणाऱ्या लोकल गाडीतल्या माणसाला निकाल कळावा यासाठीची ही सोय. तिकीट न काढलेल्याचाही विचार करणारा असा फळा दुसरा माझ्या माहितीत नाही. त्याचा एकच दोष. त्यावर बारा मॅचची जागा आहे, आणि आता तीस टीम आहेत. सगळ्या एका दिवशी खेळल्या की तीन मॅच फळ्यावर मावतच नाहीत. फळा मोठा करायला कुणी धजत नाही. २००४ पासून रिग्ली फील्ड शहराच्या संरक्षित वास्तूंत आहे.

ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. बॅटरने मारलं आणि तो पहिल्या बेसवर पोचला, तर ते त्याचं कर्तृत्व, म्हणजे हिट, की क्षेत्ररक्षकाचा गचाळपणा, म्हणजे एरर? हे ठरवतो अधिकृत स्कोअरर, आणि तो बसतो प्रेस बॉक्समध्ये. गॅलरीतले हजारो लोक आपसात भांडत राहतात. एबेट्स फील्डच्या धावफलकावर शेफर बीअरची जाहिरात होती. निकाल हिट असेल तर ‘शेफर’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एच’ पेटायचा, एरर असेल तर ‘ई’. म्हणजे खरं कळून घ्यायला प्रत्येकाला बीअरचं नाव वाचावंच लागायचं. खालच्या बाजूला एब स्टार्क या कपडेविक्रेत्याची पाटी : चेंडू इथे लागला तर सूट फुकट. पुढे हा स्टार्क ब्रुकलिनचा बरो अध्यक्ष, म्हणजे शहराच्या त्या विभागाचा प्रमुख, झाला. माहिती आणि जाहिरात एकाच पाटीवर इतक्या गुण्यागोविंदाने नंतर क्वचितच नांदली.

कारण नंतर फलकाला स्वतःच हिरो व्हायचं होतं. तोच बिल व्हेक आता शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक होता. १९६० साली त्याने कॉमिस्की पार्कवर ‘फुटणारा’ फलक बसवला : आपल्या खेळाडूने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे घातला, की भोंगे, दिवे, आतषबाजी. त्याच जूनमध्ये यांकीजच्या खेळाडूने तिथे होमरन मारला, फलक अर्थातच गप्प. तेव्हा यांकीजचा मॅनेजर, म्हणजे प्रशिक्षक, केसी स्टेंगल आणि त्याची पोरं डगआउटमध्ये फुलबाज्या पेटवून नाचली. १९६५ साली ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम उघडलं तेव्हा तिथला फलक ४७४ फूट लांब होता. होमरन झाला की पाऊण मिनिट त्यावर काउबॉय गोळ्या झाडायचे, बैल फुरफुरायचे. पाऊण मिनिट काउंट कोण बघणार?

मग आला व्हिडिओ. ८ जुलै १९८० रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर ऑल-स्टार मॅचला मित्सुबिशीचा ‘डायमंड व्हिजन’ हा रंगीत स्क्रीन सुरू झाला. आता रिप्ले मैदानातच दाखवता येत होता, आणि तिथेच घोडं अडलं. पंचाचा निकाल चुकलेला चाळीस हजार लोकांनी एकदम पाहिला तर पंचाची खैर नाही, या धास्तीने वादग्रस्त निर्णयांचे रिप्ले फलकावर दाखवायला बंदी होती. घरी बसलेले लोक तीच चूक चार कोनांतून बघायचे. स्टेडियममधला माणूस घरी फोन करून विचारायचा. २००८च्या ऑगस्टमध्ये होमरनपुरता रिप्ले पंचांना मिळाला, २०१४ साली मॅनेजरना दाद मागायचा हक्क मिळाला, आणि त्याच वर्षी क्लबना सगळे अटीतटीचे क्षण फलकावर दाखवायची मुभाही आली. चौतीस वर्षं स्क्रीन होता. त्यावर सगळ्यांत जास्त जे बघायचं होतं, तेवढंच नव्हतं.

वेगाचं तसं नाही, तो आपोआप आला. मिशिगन स्टेटचे कोच डॅनी लिटव्हायलर यांनी १९७०च्या दशकात पोलिसांच्या रडार गनवरून कल्पना उचलली आणि ती पिचरवर रोखली. आज प्रत्येक चेंडूनंतर हजारो माना फलकाकडे वळतात. आकडा ताशी १०० मैल असला तर बॅटरने टोलवला तरी टाळ्या पिचरला. २०१५ साली स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा सगळ्या मैदानांवर आली, आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने, किती अंशाच्या कोनात सुटला हेही कळू लागलं. जुन्या प्रेक्षकांची तक्रार इथेच आहे : कोन दाखवता, पण बॅटर बेसवर किती वेळा पोचतो ते कोपऱ्यात, बारीक अक्षरात. वर्षानुवर्षं फलकावर राज्य केलं ते बॅटिंग ॲव्हरेजने, म्हणजे दर बॅटिंगमागे किती हिट या आकड्याने. त्यात चार बॉल मिळवून बेसवर जाणं धरत नाहीत. चॅडविकच्या मते ती पिचरची चूक होती, बॅटरचं श्रेय नव्हतं. एका माणसाचं मत दीड शतक फलकावर झळकत राहिलं.

जपानमध्ये वेगळीच तऱ्हा. कोशिएन या शालेय बेसबॉलच्या पंढरीत १९८३ पर्यंत खेळाडूंची नावं काळ्या पाट्यांवर ब्रशने हाताने लिहिली जायची. १९८४ साली इलेक्ट्रॉनिक फलक आला, तेव्हा पाट्यांवरच्या अक्षरांचं वळण जपायचा प्रयत्न झाला. शिवाय जपानी फलकावर आधी स्ट्राइक, मग बॉल असा क्रम होता, अमेरिकेच्या उलट. २०१०च्या सुमारास तो बदलला तेव्हा आयुष्यभर ‘टू-वन’ म्हणजे दोन स्ट्राइक ऐकलेल्या लोकांना नवा हिशेब शिकावा लागला.

आपला संबंध मजेशीर आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांच्या संघांनी तीन टी-२० मॅच खेळल्या त्या न्यूयॉर्कचं सिटी फील्ड, ह्यूस्टनचं मिनिट मेड पार्क आणि डॉजर स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानांवर. अमेरिकेतले मराठी लोक ‘सचिन, सचिन’ म्हणत तिथे गेले. नऊ इनिंगच्या फलकाखाली धावा, विकेट आणि ओव्हरचा हिशेब. चॅडविकने क्रिकेटकडून उसनं घेतलेलं असं तात्पुरतं परत आलं.

आता नवी भर पडते आहे ती बॉल-स्ट्राइकची. २०२५च्या सराव मॅचमध्ये अजमावून पाहिलेली आव्हान पद्धत २०२६च्या हंगामासाठी मंजूर झाली. बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू) डोक्याला हात लावून दाद मागतो, प्रत्येक टीमला दोन संधी, बरोबर ठरलं तर संधी शाबूत. मग फलकावर एक चौकट उमटते आणि चेंडू तिच्याकडे येताना दिसतो. त्या दोन-तीन सेकंदांत जाहिरातीकडे कुणाचं लक्ष नसतं. सगळं स्टेडियम वर बघत असतं, आणि ज्याला सांभाळायला पूर्वी रिप्ले दाबून ठेवायचे, तो पंचही मान वळवून तिकडेच बघत असतो.