४१ हजार फुटांवरची ‘मजा’ आणि पायलटच्या अवर्सचा हिशोब

१४ ऑक्टोबर २००४ ची रात्र. अमेरिकेत लिटल रॉकहून मिनिआपोलिसला पिनॅकल एअरलाइन्सचं ५० सीटचं जेट रिकामंच निघालं होतं, पॅसेंजर नाहीत, एअरहोस्टेस नाही, आत फक्त दोघं, कॅप्टन ३१ वर्षांचा आणि को-पायलट २३ चा. विमान नुसतं तिकडे नेऊन पोचवायचं होतं. बापाची गाडी पहिल्यांदा एकट्याला मिळाली आणि पुढे रस्ता मोकळा दिसला की काय होतं ते सांगायला नको. टेकऑफनंतर नाक खसकन वर उचलून बघितलं, मध्येच सीटांची अदलाबदल केली, आणि मग ठरलं की ४१ हजार फुटांवर जायचं, म्हणजे त्या विमानाची कमाल मर्यादा. तिथवर जाऊन आलेल्यांचा ‘४१० क्लब’ (४१ हजार फुटांना पायलटांच्या भाषेत ४१० म्हणतात) अशी एक गंमतच त्या कंपनीच्या पायलटांमध्ये चालायची. जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरला नवल वाटलं तर उत्तर काय, पॅसेंजर नाहीयेत म्हणून जरा मजा करायला वर आलोय.

आता घोळ कुठे झाला बघा. ऑटोपायलटला सांगून ठेवलं होतं की मिनिटाला ५०० फूट चढत राहा. वर विरळ हवेत इंजिनात तेवढा दम उरत नाही, पण ऑटोपायलट बिचारा आज्ञाधारक, तो चढत राहण्यासाठी स्पीड खात गेला आणि दोघांपैकी कुणीही ते वेळेत थांबवलं नाही. विमान स्टॉल व्हायला आलं, म्हणजे पंख त्याला उचलून धरेनासे व्हायला लागले, सिस्टीमने आपणहून नाक खाली ढकललं, यांनी परत वर ओढलं, असं दोन-चारदा झालं आणि शेवटी दोन्ही इंजिनं विझली.

तरीही जीव वाचू शकले असते, कारण इंजिनाशिवाय नुसतं तरंगत जाऊन उतरता येतील असे विमानतळ टप्प्यात होते. पण कंट्रोलरला यांनी सांगितलं की एकच इंजिन गेलंय! नापास झालेला पोरगा प्रगतिपुस्तक लपवतो ना, अगदी तसंच. खरं सांगेपर्यंत बरीच उंची संपली होती, इंजिनं आतून अशी जाम झाली की परत सुरूच होईनात, आणि विमान जेफरसन सिटीच्या रनवेपासून साधारण चार किलोमीटर अलीकडे घरांच्या मागे पडलं. दोघंही गेले, खाली कुणाला इजा झाली नाही हे नशीब. २००७ च्या तपास अहवालात कारण म्हणून पहिल्यांदा दोघांचं बेजबाबदार वागणंच आलंय. मला स्वतःला मात्र वर जाण्यापेक्षा ते खोटं बोलणं जास्त खटकतं.

हे सगळं कुणाला आधी माहीत नव्हतं असं नाही. १९५४ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटीने नुसत्या उपकरणांकडे बघून उडवायचं ट्रेनिंग नसलेले २० पायलट घेऊन प्रयोग केला होता, बाहेरचं काही दिसत नाहीसं झाल्यावर विमान किती वेळ ताब्यात राहतं बघायला. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुढे १९७७ मध्ये तिथल्याच रिचर्ड जेन्सन आणि रसेल बेनेल यांनी अपघातांच्या नोंदी चाळल्या, तर छोट्या विमानांच्या ज्या जीवघेण्या अपघातांत पायलटची चूक होती त्यातले जवळपास ५२ टक्के चुकीच्या निर्णयामुळे झालेले. म्हणजे हात चांगला होता, डोकं फिरलं होतं. तोपर्यंत समज काय, तर अक्कल ही उडता उडता आपोआप येते. मग ती शिकवायचं ठरलं आणि पाच खोडी शोधल्या गेल्या, आपल्या भाषेत सांगायच्या तर ‘मला कोण शिकवणार’, ‘पटकन कायतरी करून टाक’, ‘मला काय होतंय’, ‘बघच आता मी काय करतो’ आणि ‘जाऊ दे, आपल्या हातात काय आहे’. १९९१ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने यावर पत्रकच काढलं. पिनॅकलच्या त्या रात्री पहिल्या चार तर नक्की हजर होत्या.

पण कायद्याला अक्कल मोजता येत नाही, उड्डाणाचे तास मोजता येतात. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं आणि ५० माणसं गेली, त्यातला एक खाली घरात होता. इथेही स्टॉलची वॉर्निंग आल्यावर कॅप्टनने उलट नाक वर ओढलं, आणि त्याआधी खालच्या उंचीवर, जिथे फक्त कामाचं बोलायचं असतं तिथे, दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. (कोल्गनची मालक कंपनी तीच, पिनॅकलची!) घरच्यांनी लढा दिला, २०१० मध्ये कायदा आला, आणि २०१३ पासून अमेरिकेत एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास लागायला लागले, आधी २५० वर भागायचं. गंमत म्हणजे अपघाताच्या दिवशी कोल्गनच्या कॅप्टनचे ३,३७९ तास होते आणि को-पायलटचे २,२४४. पिनॅकलचा को-पायलट साडेसातशेचा होता खरा, पण शेजारचा कॅप्टन सात हजारांच्या घरातला.

आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. बारामती नाहीतर गोंदियाला शिकलेलं विशी-बाविशीचं पोर तेवढ्यावर लायसन्स घेतं आणि पुढे त्या-त्या विमानाचं ट्रेनिंग करून थेट मोठ्या जेटच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसू शकतं. युरोपातही साधारण असंच चालतं आणि तिथे काही रोज विमानं पडत नाहीत, कारण तिथे कंपनी काय शिकवते आणि डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असतं. त्या रिकाम्या जेटमध्ये डाव्या-उजव्या सीटवरचे दोघंही एकाच मूडमध्ये होते.