सीट नवीन करायला देताय? आधी खालचं प्लायवूड बघा

आमच्याकडे डायनिंगच्या खुर्च्या, सोफे, दवाखान्यातली वेटिंगची बाकडी असं सगळं कुशन बदलायला येतं आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, रेक्झिन बदलायचे किती घेणार. रेक्झिनचा भाव लगेच सांगता येतो हो, पण आतलं प्लाय कसं आहे ते जुनं कव्हर उचकटल्याशिवाय आम्हालाही कळत नाही, वरून काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत तर नाहीच नाही. म्हणून आम्ही दोन आकडे सांगतो, एक प्लाय धड निघालं तर आणि एक बदलावं लागलं तर. कव्हर काढलं की आतला फोटो पाठवतो, तुम्ही हो म्हटल्यावरच प्लायला हात लावतो.

थोडं तुम्हीही घरी बघू शकता. खुर्ची उलटी करा, खाली काळं पातळ कापड ठोकलेलं असेल तर एका कोपऱ्यातून सोडवा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक प्लायवर दाबा, विशेषतः कडेला आणि स्क्रूंच्या आजूबाजूला. चांगलं प्लाय दाद देत नाही, कुजलेल्यात टोक आत जातं. पापुद्रे सुटून कड फुगलेली असली, कुबट वास येत असला, स्क्रू नुसताच गोल फिरत असला तरी समजा की प्लाय गेलं. बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा आहे, आणि मातीच्या रेषा दिसल्या तर वाळवी, तेव्हा मात्र खुर्चीचे पाय आणि फ्रेमही तपासायला हवी, सीट नवी करून खाली पाय पोकळ असतील तर काय उपयोग.

कुजतं कशाने तर पाण्यानेच. पाणी सांडतं, लहान मुलं असतात, कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवाच ओली, भिंतीला ओल आली असेल तर तिला टेकवलेला सोफा पहिला खराब होतो. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला ते मानवतं. त्यात रेक्झिनमधून हवा जात नाही, शिवणीतून आत गेलेलं पाणी फोम धरून ठेवतो आणि त्याच्या खालचं प्लाय भिजत राहतं. सोफा घेतला तेव्हाचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणारी मंडळी आहेत, त्यांना वाटतं सोफा जपतोय, पण आतली ओल बाहेर पडायला वाटच ठेवलेली नसते. आणि स्वस्तातल्या रेडिमेड फर्निचरमध्ये बरेचदा प्लाय नसतंच, पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी असते, ती एकदा फुगली की संपली.

मग काही जण म्हणतात प्लाय राहू दे, वरून नवं कव्हर मारून द्या. ते आम्ही करत नाही. कव्हर ताणून धरतात त्या स्टेपलच्या पिना, आणि कुजक्या प्लायमध्ये पिन धरतच नाही, मग थोड्याच दिवसांत कड सुटते आणि तुम्ही आमच्या नावाने बोटं मोडता. जेवढं कुजलंय तेवढाच तुकडा बदला असंही सांगतात, सोफ्याच्या लांब फळीला खाली लाकडी पट्टीचा आधार देऊन ते जमतं, पण खुर्चीच्या सीटला नको, माणसाचं सगळं वजन त्या जोडावर येतं.

नवीन प्लाय आम्ही डायनिंगच्या खुर्चीला शक्यतो १२ एमएम घालतो. ६ एमएम स्वस्त पडतं पण मध्ये वाकतं आणि लांब पिनांची टोकं आरपार निघतात. साधं एमआर (दमट हवा सोसणारं) प्लाय घराच्या कोरड्या भागात चालून जातं, पाण्याचा संबंध येणार असेल तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) म्हणजे मरीन घ्या. त्याचा गोंद फिनॉलचा असतो, नमुना ७२ तास उकळून तपासतात. शीटवर नुसतं मरीन छापलंय यावर जाऊ नका, आयएसआयच्या खुणेबरोबर आयएस ७१० हा मरीन प्लायच्या मानकाचा नंबर आहे का बघा. पण मरीन म्हणजे कायम पाण्यात ठेवलं तरी चालेल असं नाही, कापलेली कड पाणी पितेच. त्यामुळे कापल्यावर कडा आणि खालची बाजू आम्ही वॉर्निशने बंद करतो आणि ते पूर्ण सुकल्यावरच फोम चिकटवतो, म्हणून पावसाळ्यात एखादा दिवस जास्त मागितला तर चिडू नका.

१८ इंची सहा सीटना अर्धी शीट पुरेल असा हिशोब बरेच जण घरूनच करून येतात. अर्धी शीट म्हणजे ४ बाय ४ फूट, त्यात १८ इंची चारच बसतात, उरलेल्या पट्ट्या सीटच्या कामाच्या नाहीत. स्वतः शीट आणून देणार असाल तर हे धरून आणा.

माप जुन्या सीटवरूनच घेतो, पण फुगलेल्या सीटचं घेऊन चालत नाही, खुर्चीच्या खाचेचं घ्यावं लागतं, आणि चारी बाजूंनी दोन-तीन एमएम कमी ठेवावं लागतं कारण कव्हर कडेवरून दुमडून खाली जातं, जाड रेक्झिन असेल तर अजून थोडं. नाहीतर सीट खाचेत उतरतच नाही आणि कुणीतरी हातोडीने ठोकून बसवतं, मग फ्रेमचा जोड उकलतो. कडा कानशीने गोल करतो, धारेवर रेक्झिन कापलं जातं. रेक्झिन असेल तर प्लायला चार-पाच भोकं पाडतो, बसल्यावर आतली हवा निघायला, नाहीतर ती शिवणी ताणते. खालून बोल्ट येत असेल तर फोमच्या आधीच प्लायमध्ये टी-नट, म्हणजे बोल्ट धरणारं दात्यांचं नट, ठोकतो.

फोम भिजून काळा पडलेला किंवा चुरा होत असेल तर तोही जातो, वाळवून परत घालायला सांगू नका, वास जात नाही. सीटसाठी आम्ही ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो वजनाचा) सुचवतो, ३२ चा रोज वापरात लवकर दबतो.

खुर्च्या आणताना प्रत्येक सीटखाली आणि तिच्या खुर्चीवर सारखाच नंबर टाकून आणा, सुताराने हाताने केलेल्या सेटमध्ये एकीची सीट दुसरीत बसेलच असं नाही. स्क्रू वेगळ्या पिशवीत द्या. काढलेलं जुनं प्लाय बघायचं असेल तर तसं आधी सांगा, ठेवून देतो, वाळवी लागलेलं मात्र दुकानात ठेवत नाही, फोटोवर भागवा.