मोरचुदापासून पॉलिक्वॉटपर्यंत: तरणतलावाच्या नितळ पाण्याची पार्श्वभूमी

शेवाळनाशकाचा उगम तरणतलावात नाही, पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांत आहे. 1904 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी जलाशयातले शेवाळ मोरचुदाने (कॉपर सल्फेट) मारण्याची रीत प्रसिद्ध केली. मोरचुदाचे खडे गोणपाटात बांधायचे, गाठोडे होडीला लावायचे आणि विरघळेपर्यंत पाण्यातून ओढत फिरायचे. पुढे तरणतलावांनी हीच युक्ती उचलली.

त्याआधी तरणतलावाला रसायनांची फारशी गरजच भासत नव्हती, कारण पाणी टिकवायचेच नसे. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, पाणी गढुळले की सोडून द्यायचे. इंग्लंडमधल्या सार्वजनिक स्नानगृहांत ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशाचा दर जास्त असे आणि पाणी जुने होईल तसा तो उतरे. पंप आणि वाळूचे फिल्टर आले, तेच पाणी महिनोन्महिने फिरवता येऊ लागले आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला. फिल्टर गाळ अडवतो, जंतू मारत नाही. पाण्यात सतत शिल्लक राहील असे काहीतरी हवे होते.

ते क्लोरीनच्या रूपाने मिळाले. 1908 साली जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडरची अखंड मात्रा सुरू केली आणि 1910 च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात तोच प्रयोग झाला. पण ब्लीचिंग पावडरमध्ये उपयोगी क्लोरीन जेमतेम एक तृतीयांश, बाकी बराचसा चुना. जंतू मरत आणि पाणी दुधाळ होई. 1920 च्या दशकाच्या अखेरीस 65 ते 70 टक्के क्लोरीनचे कॅल्शियम हायपोक्लोराइट बाजारात आले. त्याने गाळ कमी झाला, कॅल्शियम मात्र राहिले: क्लोरीन 10 पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वाढवले की पाण्याचा कठीणपणा सुमारे 7 पीपीएमने वाढतो. पाणी कॅल्शियमचे थर साचवेल की विरघळवेल हे सांगणारा, 1936 मध्ये लँगेलियर यांनी मांडलेला निर्देशांक नळांसाठी होता, पण तलावाच्या कडेला पांढरे थर का साचतात तेही तो सांगतो.

क्लोरीन टाकूनही पाणी बिघडते, याची दोन कारणे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात नीट समजली. पहिले पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा. जंतू आणि शेवाळ मारतो तो क्लोरीनपासून पाण्यात बनणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाचा अंश. पीएच 7.5 ला तो साधारण निम्मा असतो, 8 ला पाव. दुसरे कारण घाम आणि लघवीतला नायट्रोजन. त्याच्याशी जोडले गेलेले क्लोरीन चाचणीत दिसते, पण काम फार मंद करते. 1939 मध्ये ग्रिफिन यांनी ‘ब्रेकपॉइंट’ दाखवला. अमोनियातल्या नायट्रोजनच्या जवळपास दहापट क्लोरीन दिले तरच हे जोड तुटतात, कमी दिले तर वाढतात. डोळे झोंबले आणि वास आला की ‘क्लोरीन जास्त झाले’ म्हणून मात्रा कमी करणारे आजही भेटतात. बहुतेक वेळा उपाय नेमका उलटा असतो. 1957 मध्ये पॅलिन यांची डीपीडी ही रंग पाहून क्लोरीन मोजण्याची चाचणी आली आणि मुक्त व जोडलेले क्लोरीन तलावाच्या काठावर सहज वेगळे मोजता येऊ लागले.

उघड्या तलावांचा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी दुपारच्या काही तासांत बहुतेक क्लोरीन उडून जाते. 1950 च्या दशकात सायन्युरिक आम्ल आले आणि क्लोरीन उन्हात टिकू लागले. त्याच घराण्यातल्या ट्रायक्लोरच्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकल्या की आठवडा निघतो. या सोयीची किंमत हळूहळू कळते. ट्रायक्लोरने दिलेल्या प्रत्येक 10 पीपीएम क्लोरीनमागे 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात राहते. रोज 2 पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल तर महिन्यात 36 पीपीएम. ते उडत नाही, पाणी बदलले तरच जाते. ते जितके जास्त, तितके क्लोरीन त्याच्याशी बांधलेले आणि मारायला मोकळे क्लोरीन तितके कमी. 1974 मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी हे समतोल मोजले, तरी क्लोरीन किती ठेवावे याचा डब्यांवरचा ‘1 ते 3 पीपीएम’ हा आकडा बराच काळ तसाच राहिला. आज जाणकार मुक्त क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के ठेवतात, म्हणजे सायन्युरिक 50 पीपीएम असेल तर साधारण 4 पीपीएम. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात कधीही टाकू नयेत. आग लागते, स्फोटही होतो.

हिरव्या तलावांमागचे सर्वांत नेहमीचे कारण हेच: चाचणीत क्लोरीन ‘बरोबर’, पण कामाचे क्लोरीन नगण्य. अशा वेळी लोक शेवाळनाशकाकडे वळतात.

त्या डब्यात काय असते ते पाहायला हवे. मोरचुदात तांबे सुमारे 25 टक्के. 50,000 लिटरला 50 ग्रॅम म्हणजे 0.25 पीपीएम तांबे, आणि ते पुरते. पण तांबे नाहीसे होत नाही. दर आठवड्याला तीच मात्रा पडत राहिली आणि पीएच चढला की फरशीवर निळे-हिरवे डाग उमटतात, फिके केस हिरवे होतात (दोष क्लोरीनला दिला जातो) आणि सायन्युरिक जास्त असेल तर क्वचित जांभळी पूड बसते. तांब्याने हिरवे झालेले पाणी पारदर्शक असते, शेवाळाचे गढूळ. हा फरक न पाहता आणखी शेवाळनाशक ओतले की डाग पक्के होतात.

दुसरे कूळ क्वॉटचे, म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगांचे. 1935 मध्ये डोमाक यांनी बेंझाल्कोनियम जंतुनाशक म्हणून पुढे आणले, नंतर तीच संयुगे तलावांत आली. ती साबणासारखी असल्याने फेस करतात आणि क्लोरीनही खातात. त्यावरचा उतारा म्हणजे पॉलिक्वॉट, याच संयुगांचे लांब साखळीचे रूप: फेस नाही, डाग नाही, पण महाग.

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उड्यांचा तलाव एका रात्रीत हिरवा पडला. चुकून 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडले होते. पेरॉक्साइड आणि क्लोरीन दोन्ही निर्जंतुक करणारी रसायने, पण एकत्र आली की पेरॉक्साइड क्लोरीनला संपवते. शेजारचा तलावही हिरवा पडला आणि त्यातले सुमारे 37 लाख लिटर पाणी शेवटी बदलावे लागले.

हिरव्या पाण्याला उपाय क्लोरीनच. आधी पीएच 7.2 वर आणावा, कारण क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेले की पीएचची चाचणी फसवते. मग मुक्त क्लोरीन सायन्युरिकच्या सुमारे 40 टक्क्यांवर न्यावे. सायन्युरिक 30 असेल तर 12 पीपीएम, म्हणजे 50,000 लिटरला 10 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट 6 लिटर. ते एकदा ओतून भागत नाही. दिवसातून अनेकदा मोजून तीच पातळी राखावी, भिंती घासाव्यात, पंप चालू ठेवावा, फिल्टरचा दाब स्वच्छ अवस्थेपेक्षा 25 टक्क्यांनी चढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुवावा. सायन्युरिक 100 असेल तर हाच हिशेब 40 पीपीएमवर जातो. तिथे आधी थोडे पाणी बदलणे स्वस्त पडते. पाणी नितळ दिसते, जोडलेले क्लोरीन 0.5 च्या आत आहे आणि रात्रभरात मुक्त क्लोरीन 1 पीपीएमपेक्षा जास्त घटले नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या की शेवाळ संपले. पॉलिक्वॉट द्यायचे तर क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरल्यावर. आधी टाकले तर ते चढे क्लोरीनच त्याला तोडून टाकते.