पीपीपीओई आणि घरच्या राउटरची वॅन सेटिंग

पीपीपीओई म्हणजे पॉइंट टू पॉइंट प्रोटोकॉल ओव्हर इथरनेट, घरच्या राउटरने नेटवाल्याच्या सर्व्हरवर यूझरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करायची पद्धत. राउटरचं पेज उघडलं (ब्राउझरमध्ये पत्ता टाकून, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) की इंटरनेट किंवा वॅन (म्हणजे बाहेरच्या नेटची बाजू) नावाचा भाग असतो, तिथे कनेक्शनचा प्रकार विचारतात, डायनॅमिक आयपी (नेटवरचा पत्ता आपोआप मिळतो), स्टॅटिक आयपी (ठरलेला पत्ता हाताने भरायचा) नाहीतर पीपीपीओई. इथे चुकीचा प्रकार निवडला तर बाकी सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही. आणि वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा पासवर्ड वेगळा, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

ही पद्धत आली डायल-अपच्या काळातून. फोन लाइनवरून नेट लावताना पीपीपी वापरायचे, त्यात कोण आत आलं, किती वेळ बसलं, बिल कोणाचं हे सगळं लॉगिनवरून कळायचं. पुढे डीएसएल (फोनच्याच तारेवरून चालणारं जास्त वेगाचं नेट) आलं, घरात इथरनेटची (कॉम्प्युटर आणि राउटर जोडणारी) वायर आली, पण इथरनेटला लॉगिन वगैरे काही माहीतच नाही, मग कंपन्यांनी जुनं पीपीपीच इथरनेटच्या पाकिटात घातलं. १९९९ साली आरएफसी २५१६ या इंटरनेटच्या पद्धती नोंदवणाऱ्या दस्तऐवजात ते लिहून ठेवलं गेलं. आपल्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, आणि आज फायबर घरापर्यंत आलं तरी बऱ्याच ठिकाणी, गल्लीतल्या केबलवाल्याकडेसुद्धा, लॉगिन पीपीपीओईचंच आहे.

चालतं कसं? राउटर आधी लाइनवर सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करतो, कोणी सर्व्हर आहे का, सर्व्हर मी आहे म्हणतो, राउटर त्याच्याकडे जागा मागतो, सर्व्हर सेशन (म्हणजे चालू जोडणी) नंबर देतो. यूझरनेम-पासवर्ड त्यानंतर तपासला जातो आणि शेवटी आयपी मिळतो. हा क्रम माहीत असला की बिघाड शोधणं खूप सोपं होतं. ज्यांनी विंडोजवरून डायल केलंय त्यांना ६७८ आणि ६९१ हे एरर आठवत असतील. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, तेव्हा वायर, फायबरचा लाल लाइट आणि व्हीलॅन आयडी बघायचा (एकाच लाइनवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखायचा आकडा, काही नेटवाले तो टाकायला लावतात, तो त्यांनाच विचारायचा, अंदाजाने टाकून उपयोग नाही). ६९१ म्हणजे उत्तर आलं पण लॉगिन नाकारलं, एखादं अक्षर चुकलंय किंवा रिचार्ज संपलाय. लाइट जाऊन आल्यावर कधीकधी जुनं सेशन सर्व्हरवर अडकून राहतं आणि एका यूझरला एकच सेशन असेल तर नवीन लॉगिन होत नाही, तेव्हा राउटर पाच-दहा मिनिटं बंद ठेवायचा, उगाच सेटिंग बदलत बसायचं नाही.

अजून एक त्रास म्हणजे काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं, म्हणून एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवायचा. तो १५०० राहिला आणि पाकीट मोठं आहे हा निरोप वाटेतल्या फायरवॉलने अडवला, तर मोठी पाकिटं गुपचूप हरवतात.

आता फायबरचा जो डबा भिंतीवर लावून देतात तो बऱ्याचदा स्वतःच लॉगिन करतो. त्याला आपला राउटर जोडला तर आपल्या राउटरमध्ये पीपीपीओई नाही, डायनॅमिक आयपी निवडायचं, आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदलायचा. लॉगिन आपल्याच राउटरने करावं असं वाटत असेल तर डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो स्वतः लॉगिन न करता लाइन नुसती पुढे देतो.

मागच्या बारीक भोकातलं रीसेट बटण दहा सेकंद दाबलं की यूझरनेम, पासवर्ड, व्हीलॅन सगळं पुसलं जातं. आमच्या काकूने वायफाय स्लो आहे म्हणून टाचणीने ते दाबलं होतं आणि लॉगिन कुठेच लिहिलेलं नव्हतं, दोन दिवस घरात नेट नव्हतं, पोरीचा ऑनलाइन क्लास बुडाला. म्हणून वायर लावायला माणूस येतो तेव्हाच हे तिन्ही त्याच्याकडून वहीत लिहून घ्या, पेजवर नंतर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात.

कनेक्ट झाल्यावर वॅन आयपी बघायचा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर नेटवाल्याने एक पब्लिक आयपी (बाहेरच्या नेटवर दिसणारा पत्ता) अनेक घरांत वाटलाय. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवून) बाहेरून घरचा कॅमेरा बघता येत नाही, त्यासाठी नेटवाल्याकडून पब्लिक आयपी मागावा लागतो.