भट्टीआधी माग होता

खानदेशातली बाई काचेत काम करते म्हटल्यावर लोक आधी बांगड्यांबद्दल विचारतात. माझं उत्तर मात्र कापसापासून सुरू होतं.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पुढे इथेच गिरण्या उभ्या राहिल्या. जळगावला झाली, अमळनेरला प्रताप मिल झाली. फैजपूर रंगाऱ्यांचं गाव. तिथेच डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी त्याची सजावट गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. कलेसाठी सामान बाहेरून आणावं लागत नाही, हे मी त्या सजावटीवरून शिकले.

माझे आजोबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. मी हातमागावर बसले, सूत रंगवलं, पुष्कळ वर्षं तेच केलं. काच मला भेटली तीही कापडावरच. चाळीसगावकडच्या एका तांड्यावर बंजारा आजी घागऱ्याला आरसे लावत होत्या. आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून दोन उभे, दोन आडवे टाके घालून तो जखडायचा, मग त्या टाक्यांना अडकवत गोल फिरायचं. म्हणजे काचेवर चार धाग्यांचा इवलासा माग! तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. अशा भरतकामाचे आरसे गुजरातेत कपडवंजला फुग्यासारखी काच फुगवून, आतून मुलामा देऊन, मग फोडून बनवतात.

मी करते ती भट्टीतली काच. ती फुगवत नाहीत. थंड काच कापायची, मांडायची आणि सावकाश तापवायची. ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती साच्यात वाकते, ८००च्या आसपास थर एकजीव होतात. ही रीत फुंकणीपेक्षा जुनी, इजिप्त-मेसोपोटेमियातली. आधुनिक काळात तिला वळण दिलं ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे काचकलावंत क्लाउस मोये यांनी. काचकापीचं काम त्यांच्या घरातलंच. रंगीत काचेच्या पट्ट्या एकत्र तापवल्या की तडकायच्या, ही त्यांची अडचण. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय या काचेच्या कारखान्याने एकमेकींशी जुळणाऱ्या काचा तयार केल्या, मोये १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकवायला गेले, आणि पट्ट्यांची ती कला तिथून पसरली. अमेरिकन काचकलावंत टूट्स झिन्स्की तर काचेचे हजारो धागे रचून भट्टीत घालतात. त्यांची भांडी पाहताना मला सुताच्या लडी आठवतात.

जुळणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी मागाने शिकवलं होतं, तरी मी चुकलेच. सुरुवातीला खिडकीच्या काचेवर फुटक्या बांगड्यांचे तुकडे ठेवून तापवले. भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा ताटली सुरेख दिसत होती. तिसऱ्या दिवशी, कोणी हात लावलेला नसताना, टक् असा आवाज झाला आणि बांगडीच्या कडेकडेने तडा गेला. दोन्ही काचा सारख्या आटत नव्हत्या. ताणा आणि बाणा, म्हणजे कापडातले उभे आणि आडवे धागे, धुतल्यावर वेगवेगळे आटले की कापड चुरमडतं, तसंच हे. फरक एवढाच की कापड चुरमडून मोकळं होतं आणि काच ताण मनात धरून ठेवते. म्हणून काच जुळती हवी, आणि शिवाय ती निववावी लागते. साधारण ५०० अंशांच्या आसपास थांबवायची आणि मग तास न् तास हळूहळू उतरवायची. काच जितकी जाड, तितका वेळ जास्त. या बाबतीत घाई मला स्वतःला आता सहनच होत नाही.

सध्या मी विणते ते असं: एकाच जातीच्या काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापते. अर्ध्या पट्ट्या सळ्यांवर ठेवून भट्टीत नागमोडी वाकवून घेते. त्या ताण्यासारख्या ओळीने मांडते, एक वर, एक खाली, आणि उरलेल्या सरळ पट्ट्या मधून ओवते. मग सगळं विणकाम पुन्हा भट्टीत जातं. काचेचे रंग मात्र फैजपूरच्या रंगाऱ्यांसारखेच निवडते, निळा आणि लाल.