श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा

माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडच्या, म्हणजे श्राव्यातीत ध्वनीने केलेल्या उपचारांना ही संज्ञा आहे. त्याच ध्वनीने पोटातले चित्र घेतात ती सोनोग्राफी. कोकणात तो शब्द घरोघरी रुळला. उपचारांना मात्र भलतीच नावे चिकटली.

या ध्वनीची ताकद आधी समुद्रात दिसली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्याचे प्रयोग करताना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांना ध्वनिझोतातले मासे मरताना आढळले. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचा फिशफाइंडर त्याच घराण्यातला, पण त्याने मासे फक्त दिसतात. फरक तीव्रतेचा.

भातलावणीत धरलेली कंबर किंवा आंबे उतरवताना झेला पेलून दुखावलेला खांदा घेऊन माणूस फिजिओथेरपीला जातो आणि ‘मशीनचा शेक’ घेऊन येतो. यंत्राच्या मुठीतला स्फटिक विजेने थरथरतो. हवेचा पातळ थरही ध्वनी अडवतो, म्हणून आधी थंडगार जेल लावतात. १ मेगाहर्ट्झचा ध्वनी काही सेंटिमीटर खोल जातो, ३ मेगाहर्ट्झचा वरवर राहतो. मूठ सतत फिरवावी लागते. एका जागी धरली तर हाडाजवळ चटका बसतो. या शेकाने दुखणे बरे होते याचे पुरावे कमकुवतच आहेत. सोबत शिकवलेला व्यायाम टाळून नुसता शेक घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

‘लेझरने मोतीबिंदू काढला’ हे गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू येते. बहुतेकदा तिथे लेझर नसतोच. सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा कंप पावणारी पोकळ सुई गढूळ भिंगाचा भुगा करते आणि तो ओढून घेते. छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केल्मन यांना ही युक्ती दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून सुचली. १९६७ साली त्यांनी ती मांडली.

कुळथाच्या कढणाने न हललेला मुतखडा बाहेरून फोडतात (पहिला प्रयोग म्युनिक, १९८०), ते आघाततरंग असतात. काटेकोरपणे तो श्राव्यातीत ध्वनी नव्हे. पाठीतून दुर्बीण घालून खडा फोडताना मात्र श्राव्यातीत सळई वापरता येते.

भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावे तसा ध्वनी एकवटून त्वचा न कापता आतली पेशीसमूहाची गाठ जाळता येते. गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी (कर्करोगाच्या नसलेल्या गाठींसाठी) अमेरिकेत २००४ साली, तर हात थरथरण्याच्या एका विकारासाठी २०१६ साली याला मान्यता मिळाली.

गर्भवतीच्या पोटावर वा कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, डोळ्यांवर, पेसमेकरजवळ आणि मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांवर फिजिओथेरपीचा शेक देत नाहीत.