जुना ॲम्प घुमतोय? आधी सहावी तार वाजवून बघा

वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत ऑर्केस्ट्रावाल्यांकडे, चर्चच्या ग्रुपकडे नाहीतर कोणाच्या तरी माळ्यावर जुने ट्रान्झिस्टरवाले गिटार ॲम्प अजून सापडतात, आणि चालू केले की बहुतेक घुमतात. दुकानात नेलं की ऐकायला मिळतं, ट्रान्झिस्टर गेला असेल. असेलही, पण माझ्या मते तो संशयितांच्या यादीत शेवटी ठेवावा, कारण आवाज नेमका कसला आहे हे ऐकलं तरी अर्धा शोध लागतो.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ॲम्पमधला ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, तिचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवतो, त्यामुळे डीसीवर जी लहर उरते ती 100 हर्ट्झची असते. आता गिटार ॲम्पला न लावता सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा, तो ‘जी’ (G) सूर असतो, 98 हर्ट्झ. घुमणं त्या सुराच्या अगदी जवळ असेल तर संशय ही लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर, आणि एक सप्तक खाली असेल तर 50 हर्ट्झ, म्हणजे अर्थिंग, शिल्डिंग (वायरभोवतीचं धातूचं आवरण) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळून गेलेली वायर. छोट्या स्पीकरमधून 50 नीट ऐकूच येत नाही, म्हणून फोनवरचं स्पेक्ट्रमचं ॲप लावलेलं बरं. नेटवरचे अमेरिकन लेख 60 आणि 120 सांगतात, तिथली वीजच तशी आहे, ते आकडे इथे लावू नका.

मग व्हॉल्यूम फिरवा. घुमणं कमीजास्त झालं तर भानगड व्हॉल्यूमच्या आधी, जॅक, केबल, प्रीॲम्प (सिग्नल पहिल्यांदा वाढवणारा भाग) असं कुठेतरी. शून्यावर आणूनही तसंच राहिलं तर पॉवर सप्लाय किंवा व्हॉल्यूमच्या नंतरचा भाग. केबल काढल्यावर सगळं शांत झालं तर ॲम्प बिचारा निर्दोष, गिटारचा पिकअप (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा भाग) एकाच कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल, असेल तर ती हातात धरून जागेवरच गोल फिरा, एका दिशेला घुमणं जवळजवळ जातं. ही कटकट घालवायलाच 1955 च्या सुमारास गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइलचा पिकअप, हमबकर, बनवला.

कंडेन्सरचं म्हणाल तर आत ॲल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आणि ओला इलेक्ट्रोलाइट असतो, तो वर्षानुवर्षं सुकत जातो आणि उष्णतेत आणखी लवकर, साधारण 10 अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. क्षमता निम्मी झाली की लहर दुप्पट. 2200 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर 1 ॲम्पिअर करंट ओढला तर लहर अंदाजे साडेचार व्होल्टची होते, त्यात तो अर्धा सुकलेला असेल तर नऊ! नवीन घालताना क्षमता तेवढीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 अंश तापमानापर्यंत चालणारा, आणि प्लस-मायनस दोनदा बघून. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, तेव्हा रेझिस्टर लावून रिकामा करा, मीटरने खात्री करा आणि मगच हात घाला. आतल्या मेन्सच्या बाजूला 230 व्होल्ट असतात, सवय नसेल तर जाणकार माणूस सोबत हवा.

किनाऱ्यावरचा खरा त्रास मात्र खाऱ्या हवेचा. जॅकच्या पट्ट्या, पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), स्विच यांच्यावर गंज धरतो आणि नॉब फिरवला की खरखर येते. इफेक्ट लूप, म्हणजे बाहेरचा इफेक्ट मध्ये जोडायचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक, असेल तर त्याच्या रिटर्न जॅकमधूनच सिग्नल पुढे जातो, तिथला आतला कॉन्टॅक्ट गंजला की ॲम्प मध्येच दबतो, आणि लोक पॉवर ट्रान्झिस्टर बदलत बसतात. लूपच्या दोन्ही जॅकमध्ये एक केबल जोडून बघा, आवाज सुधारला तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे. बोर्डावर मीठ आणि सोल्डरिंगचा जुना फ्लक्स मिळून पावसाळ्यात दमट थर बसला की चटचट होते, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढायचा आणि नीट वाळू द्यायचं.

गावच्या कार्यक्रमात ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर आणि मध्ये केबल, असं केलं की दोन अर्थमधून फिरणाऱ्या करंटने घुमतं. दोन्ही एकाच बोर्डावर लावा. अर्थची पिन काढू नका, घुमणं थांबेलही, पण वायरिंगमध्ये बिघाड असला तर बॉडीत वीज येईल आणि तारांवर बोटं तुमची असतील. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर मधमाश्यांसारखी गुंईगुंई येते, ती ॲम्पमध्ये शोधू नका. आणि शेवटी राहते ती बारीक सूऽऽ. 10 किलोओहमचा रेझिस्टर नुसत्या उष्णतेमुळे 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण 1.3 मायक्रोव्होल्टचा आवाज निर्माण करतो, तेवढी राहणारच. तिच्यात मध्येच फटफट, चटचट येत असेल तर लाकडी काडीने एकेक पार्ट हलका ठोकून बघा, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला जोड, तिथेच सापडतं, आणि इतकं करूनही नाही गेली, तर आता बदला तो इनपुटचा ट्रान्झिस्टर.